शंभर वादकांसाठी सारंग

वसई-विरार पट्ट्यात ‘अँथनी गोन्साल्विस’ या नावाचं कुणाला नवल नाही. पापडी, सांडोर, नंदाखाल, आगाशी, कुठल्याही गावात रविवारची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात ही हाक मारा, एखादा तरी मागे वळून पाहील. बाकीच्या देशाला हे नाव ठाऊक झालं ते १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे. ईस्टरच्या पार्टीत भल्यामोठ्या अंड्यातून कोट, टोपी आणि एका डोळ्यावर भिंग चढवलेला अमिताभ बच्चन बाहेर येतो आणि स्वतःचं नाव गाऊन सांगतो. लोक हसतात, शिट्ट्या मारतात. त्या नावाचा खरा माणूस तेव्हा पन्नाशीला टेकला होता आणि गोव्यात आपल्या गावी राहत होता, हे थिएटरात बसलेल्या फार थोड्यांना माहीत असेल.

हा माणूस व्हायोलिन वाजवायचा. नुसता वाजवायचा नाही, तर वाद्यवृंदासाठी लिहायचा. आणि शास्त्रीय राग व पाश्चात्त्य सिंफनी यांना एकाच कागदावर आणायचा घाट त्याने १९५८ साली, मुंबईत, घातला होता. हल्ली अशा संगीताला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. व्हेनेसा-मे नावाच्या मुलीने १९९५मध्ये विजेवर चालणारं व्हायोलिन हातात घेऊन ‘द व्हायोलिन प्लेअर’ हा अल्बम काढला, तो याच कप्प्यातला. गोन्साल्विस मास्तरांचं काम वेगळ्या जातीचं होतं, आणि माझ्या मते जास्त अवघड.

चित्रपटातल्या त्या पात्राचं नाव आधी अँथनी फर्नांडिस असं होतं. गाणं बांधताना ते चालीत नीट बसेना. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल यांनी मग आपल्या गुरूचं नाव सुचवलं. ज्यांच्यापुढे बसून व्हायोलिनचे धडे घेतले, त्या मास्तरांना शिष्याने दिलेली ही गुरुदक्षिणा. प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवायचे आणि शिकवायचेही. पोराच्या हाती मात्र त्यांनी आठव्या वर्षी व्हायोलिन दिलं आणि त्याला गोन्साल्विस मास्तरांकडे पाठवलं. राहुलदेव बर्मनही त्यांच्याकडे शिकले. पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या हिंदी चित्रपटसंगीतातले दोन मोठे कारखाने एकाच माणसाच्या शिकवणीतून गेले, असं म्हणायला हरकत नाही.

आता वसईकराला पडावा असा एक प्रश्न. वसई आणि गोवा, दोन्हीकडे पोर्तुगीज आले, दोन्हीकडे चर्च उभी राहिली. वसई तर मुंबईच्या दारात. विरारहून मुंबईला १८६७पासून गाडी धावते आहे. मग चित्रपटांच्या वाद्यवृंदांच्या आठवणी निघाल्या की गावांची नावं येतात ती मडगाव, मजोर्डा, आल्दोना, कुडचडे अशी गोव्याचीच का? विरारहून लोकलमध्ये बसणारी माणसं जवळ होती. तरी बोटीत बसून किंवा मीटरगेजच्या गाडीतून कॅसलरॉकचा घाट चढून, दोन दिवस धक्के खात गोव्याची पोरं व्हायोलिनची पेटी घेऊन आली.

पहिलं कारण १७३९ सालात आहे. १५३४मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली, आणि दोनशे वर्षांत किल्ल्यात जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन अशा सगळ्या पंथांचे मठ आणि चर्च उभी राहिली. याच किल्ल्यात जेझुइट फादरांच्या हाताखाली गोन्सालो गार्सिया वाढला, जपानला गेला आणि १५९७मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. मिस्सेचं गायन, लॅटिन प्रार्थना, समूहस्वर हे सगळं इथेही होतं. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. गावांतले ख्रिस्ती लोक राहिले, काही चर्चही राहिली. पण मठ, कॉलेज आणि त्यांना पोसणारं उत्पन्न गेलं. चर्चच्या घंटा तर हत्तीवर चढून देशभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली ती प्रसिद्ध घंटा वसईच्या मोहिमेतली, तिच्यावर १७२१ हे साल आजही वाचता येतं. भीमाशंकर, मेणवली इथल्या घंटांचीही हीच कथा. वसईचं युरोपीय संगीत महाराष्ट्रात पोचलं ते असं, एकेका सुराने, देवळाच्या दारात टांगलेलं.

गोव्यात ती शाळा आणखी सव्वादोनशे वर्षं चालू राहिली. शाळा म्हणजे अक्षरशः शाळा. सोळाव्या शतकापासून चर्चच्या आवारात पॅरिश स्कूल असे, आणि तिथे वाचन, लेखन, धर्मशिक्षण यांच्या जोडीला संगीत हा सक्तीचा विषय. शिकवणारा तो ‘मेस्त्र’. मूल सात-आठ वर्षांचं झालं की त्याला आधी वाद्य मिळायचं नाही. मिळायचं ते पाच रेघांचं पान. त्यावरचे काळे ठिपके हाताने मात्रा मोजत, सा-रे-ग-मसारखेच पण ‘दो-रे-मी’ म्हणत गायचे. ज्याला हे न अडखळता येईल त्याच्या हाती व्हायोलिन. मग लॅटिन भजनातला वरचा, मधला, खालचा असे वेगवेगळे स्वर एकाच वेळी गाणाऱ्या गायकवृंदात जागा, आणि संध्याकाळी वाड्यावरच्या खुरिसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लदाईन ही सामूहिक प्रार्थना असली की तिथे साथीला वाजवणं. दहा-बारा वर्षांचा पोरगा कधी न पाहिलेला कागद समोर ठेवला तरी तो त्याच क्षणी वाजवू शकायचा. मुंबईच्या स्टुडिओत पुढे सोन्यासारखं खपलं ते हेच कसब.

दुसरं कारण पोटाचं आहे, आणि मला ते जास्त वजनदार वाटतं. वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याकडे वाडी होती. विहिरीला गोडं पाणी, केळी, पानवेल, फुलं, भाजी. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी मुंबईच्या बाजारात जात. त्याला गाव सोडायची गरज नव्हती. गोव्यातल्या पोराला सोडावंच लागे. पोर्तुगीज राजवटीत नोकऱ्या नव्हत्या. मग तो आफ्रिकेला जाई, बोटीवर जाई, नाहीतर मुंबईला; आणि हाताशी विकण्यासारखं जे होतं ते मेस्त्राने शिकवलेलं संगीत. संस्थानिकांचे बँड, मूकपटांच्या थिएटरांतले वादक, ताजमहाल हॉटेलातले जॅझवाले, सगळीकडे गोयंकार. १९३१मध्ये बोलपट आले, मूकपटांसमोर वाजवणाऱ्यांचं काम गेलं. पुढे मुंबईत दारूबंदी आली आणि हॉटेलांतल्या नाचगाण्यालाही उतरती कळा लागली. हे सगळे वादक मग एकाच दिशेने वळले, ती म्हणजे चित्रपटांचे ध्वनिमुद्रण.

अँथनी प्रभू गोन्साल्विस यांचा जन्म १२ जून १९२७चा, दक्षिण गोव्यातल्या मजोर्ड्याचा. गाव सासष्टी तालुक्यातलं. वसईची खाडी ओलांडली की आपल्याकडेही साष्टी लागते, तीही पोर्तुगीजांचीच होती; ही ती नव्हे. या दुसऱ्या सासष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी आयुष्याचा मोठा भाग काढला आणि १६१६मध्ये बायबलची कथा मराठी ओवीत बसवून ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. बाहेरून आलेला आशय इथल्या छंदात ओतायचा उद्योग या तालुक्याला जुना आहे. मजोर्ड्याची दुसरी ख्याती पावाची. पावाचं पीठ फुगवायला माडाची सूर वापरायची युक्ती जेझुइटांना इथेच सुचली, असं गोव्यात सांगतात.

वडील जुझे आंतोनियो हे गावच्या ‘मांय द देवश’ चर्चमधले गायकवृंदाचे प्रमुख. म्हणजे मेस्त्र घरातच. मुलाची प्रगती अशी की मिसरूड फुटायच्या वयात तोच इतर मुलांना शिकवू लागला. १९४३मध्ये, सोळाव्या वर्षी, तो मुंबईला आला आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला.

मुंबईतल्या गोयंकारांचा पत्ता तेव्हा धोबीतलाव, डाबूल, माझगाव. तिथे प्रत्येक गावाची आपली ‘कूड’ असे: एक-दोन मोठ्या खोल्या, भिंतीला ओळीने लावलेल्या ट्रंका, एका कोपऱ्यात वेदी, रात्री सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, आणि झोपायला जमीन. बोटीवर जाणारा खलाशी, स्वयंपाकी आणि व्हायोलिनवाला शेजारी शेजारी झोपायचे. काम मिळायचं ते ओळखीतून. कुणीतरी सांगायचं, उद्या सकाळी अमुक स्टुडिओत चार व्हायोलिनं कमी आहेत.

स्टुडिओत काय चाले हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण श्रेयनामावलीत ते कधीच दिसत नाही. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल गाऊन दाखवी. चाल म्हणजे मुखडा, अंतरा, फार तर मधल्या जागेची एखादी कल्पना. तिथून पुढे अरेंजरचं काम. दोन कडव्यांच्या मध्ये वीस सेकंदांचं संगीत कुठलं, गायक श्वास घेतो तिथे बासरी येईल की चेलो, मुख्य चालीच्या खालून दुसरी कुठली चाल सरकेल, हे तो ठरवी. ठरवून प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिही. त्याच्या नकला होत, त्या स्टँडवर लागत, आणि सकाळपर्यंत ते गाणं कधी न ऐकलेले तीस-चाळीस वादक तासा-दोन तासांत ते वाजवायला तयार होत. ध्वनिमुद्रणही सगळ्यांचं एकत्रच. शेवटच्या ओळीत एखादा चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. १९५२च्या ‘आन’साठी नौशाद यांनी शंभर वादक बसवले, अशी कथा आहे; शंभर माणसांना एका वेळी एक गोष्ट करायला लावायची तर ती लिहूनच काढावी लागते. लिहिणारे बहुतेक गोव्याचे होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा, इतरांकडे चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड. पडद्यावर यांची नावं आली तर ‘सहाय्यक’ म्हणून. गोन्साल्विस याच मंडळींतले एक. नौशाद, सचिनदेव बर्मन अशा पहिल्या फळीच्या संगीतकारांकडे त्यांनी वाजवलं आणि लिहिलं.

मात्र एका बाबतीत ते या मंडळींहून वेगळे निघाले. बहुतेक गोयंकार वादकांसाठी हिंदुस्थानी संगीत हा रोजगाराचा भाग होता. चाल समोर आली, लिहिली, वाजवली, संध्याकाळी घरी जाऊन मोझार्ट किंवा जॅझ. गोन्साल्विस यांना त्या चालींच्या मुळाशी काय आहे याची ओढ लागली. ते शिकायला बसले, तेही सारंगीचे बादशहा पंडित राम नारायण यांच्यासारख्यांकडे. व्हायोलिनवाल्याने सारंगियाकडे जावं हे शहाणपणाचं होतं. दोन्ही गजाची वाद्यं, दोन्हींवर पडदे नाहीत, बोट सुरावरून सुरावर घसरत जाऊ शकतं. पाश्चात्त्य शिस्तीत ती घसरण शक्यतो लपवायची असते. रागात तिच्यातच सगळा अर्थ असतो.

आपल्याकडे व्हायोलिन रागसंगीतात याआधीच आलं होतं, पण दुसऱ्या दाराने. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते कर्नाटक संगीतात आणलं. महाराष्ट्रात गजाननराव जोशी, त्यांच्यापाठोपाठ वि. गो. जोग आणि दामोदर केशव दातार यांनी त्यावर ख्यालाची मांडणी केली. ही मंडळी जमिनीवर मांडी घालून बसत, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवत, तारा सा आणि प यांवर लावत. म्हणजे वाद्य तेच राहिलं, पण त्याने गळ्याची भाषा उचलली. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ हे त्याचं लोकप्रिय रूप: शब्द न उच्चारता गाण्यातले शब्द ऐकू येतील अशी वाजवण्याची रीत. १९५५च्या गीतरामायणाच्या वाद्यमेळात जोग होते, आणि त्या पिढीचा मराठी श्रोता व्हायोलिन म्हटलं की हेच ऐकतो.

या सगळ्यांत व्हायोलिन एकटं असतं. फार तर तबला, तानपुरा. गोन्साल्विस यांना हवं होतं ते पहिल्या व्हायोलिनांचा ताफा, दुसऱ्या व्हायोलिनांचा ताफा, व्हायोला, चेलो, डबल बास, बासऱ्या, क्लॅरिनेट, पितळी वाद्यं, आणि या सगळ्यांनी मिळून राग. इथे खरी अडचण सुरू होते, आणि ती काय आहे हे त्यांच्याच एका रचनेवरून दाखवता येईल. तिचं नाव राग सारंगमधला कॉन्चेर्टो. कॉन्चेर्टो म्हणजे एक वाद्य पुढे आणि पूर्ण वाद्यवृंद मागे, दोघांचा संवाद.

सारंग म्हटलं की सामान्यतः वृंदावनी सारंग. भर दुपारचा राग. त्यात गंधार नाही, धैवत नाही. राहिले सा, रे, म, प आणि दोन निषाद: वर जाताना शुद्ध, खाली येताना कोमल. गाणाऱ्याला यात काही अडचण नाही. उलट ग आणि ध नसल्यामुळेच त्याला ते उन्हातलं मोकळं रान मिळतं. आता हा राग पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या हाती द्या. त्या संगीताचा पाया हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार सुरांचा गठ्ठा, कॉर्ड. सगळ्यात साधी कॉर्ड सा-ग-प. बहुतेक गाणी तिथून निघतात आणि तिथे परत येतात. सारंगमध्ये ग-च नाही. म्हणजे घरी परतल्यावर दार उघडावं तर आत फक्त सा आणि प. घरात पेटी असेल तर करून पाहा: सा-प दाबा, मग सा-ग-प दाबा. दुसऱ्या खेपेला सारंग गेलेला असतो.

मेजर किंवा मायनर तिहेरी कॉर्ड या रागात जेमतेम तीन निघतात. प, शुद्ध नी, रे ही एक. प, कोमल नी, रे ही दुसरी. कोमल नी, रे, म ही तिसरी. यांतली एकही षड्जावर उभी नाही. शिवाय पहिल्या दोन एकमेकींच्या वैरिणी. समजा व्हायोलिनं वरून कोमल निषाद घेत उतरताहेत आणि त्याच वेळी चेलो खालून शुद्ध निषाद घेत चढताहेत. रागाच्या नियमाने दोघेही बरोबर आहेत. आणि दोन्ही निषाद एकत्र वाजले की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवतात.

तेव्हा लिहिणाऱ्यापुढे दोन वाटा उरतात. एक सोपी: राग वर ठेवायचा, खाली आपल्या नेहमीच्या कॉर्ड घालायच्या, ग-ध घुसले तर घुसू द्यायचे. चित्रपटात हे सर्रास चालतं आणि अनेकदा फार सुंदर लागतं, कारण तिथे राग पाळायचं वचन कुणी दिलेलं नसतं. दुसरी वाट अशी की कॉर्डचा नाद सोडून आडव्या चाली विणायच्या; पहिल्या व्हायोलिनांची सारंगची ओळ, दोन मात्रा मागून दुसऱ्यांची, खाली सा-प धरून बसलेले बास. प्रत्येक ओळ आपापल्या जागी शुद्ध सारंग, आणि कुठल्या क्षणी कोण कुणाला आडवं येतंय याचा हिशेब कागदावर. हा दुसरा हिशेब करायला दोन्ही घराण्यांत शिकलेला माणूस लागतो. १९५०च्या दशकात मुंबईत तशी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच होती.

मींडेचा, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाण्याचा, प्रश्न आणखी वेगळा. एकटा वादक रे-वरून म-वर जाताना किती वेळ घेईल, मध्ये कुठे रेंगाळेल, हे त्याच्या मनावर. सोळा व्हायोलिनं एकदम घसरायची तर सगळ्यांची बोटं एका वेगाने घसरली पाहिजेत. पाश्चात्त्य लिपीत त्यासाठी दोन ठिपक्यांमध्ये एक तिरकी रेघ आहे, बस. कशी घसरायची ते रेघ सांगत नाही. स्टुडिओतल्या वादकांनी ते लतादीदींच्या किंवा संगीतकाराच्या गळ्यावरून उचललं होतं; जुन्या हिंदी गाण्यांतल्या व्हायोलिनांच्या ताफ्याचा तो ओला, एकत्र वळणारा स्वर जगातल्या दुसऱ्या कुठल्या वाद्यवृंदात सापडत नाही. म्हणजे गोन्साल्विस यांच्या प्रयोगासाठी लागणारे वादक चित्रपटांनीच तयार करून ठेवले होते. रोजी तिकडची, सराव तिकडचा.

१९५८मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. शंभरेक वादकांचा हा ताफा सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात वाजला. धोबीतलावाहून पाच मिनिटांवर, म्हणजे कुडींच्या शेजारीच. एकल गायक होते लता मंगेशकर आणि मन्ना डे. गोन्साल्विस यांच्या ‘सोनाटिना इंडियाना’ आणि सारंगमधला कॉन्चेर्टो या दोन रचनांची नावं याच प्रयत्नाशी जोडलेली आहेत. एकतीस वर्षांच्या, सिनेमात ‘सहाय्यक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने हे केलं.

जगाच्या घड्याळाशी ताडून पाहिलं की या सालाचं मोल कळतं. येहुदी मेन्यूहिन आणि रविशंकर यांची ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ ही गाजलेली ध्वनिमुद्रिका त्यानंतर जवळपास दशकाने आली. रविशंकरांनी लंडन सिंफनीबरोबर पहिला सतार कॉन्चेर्टो केला तो १९७१मध्ये. कलकत्त्याचा व्हायोलिनवादक-रचनाकार जॉन मेयर लंडनमध्ये राग आणि जॅझ एकत्र करू लागला तो १९६०च्या दशकात. एल. सुब्रमण्यम यांचे वाद्यवृंदासाठीचे कॉन्चेर्टो त्याहून पुढचे. या सगळ्यांना लंडन-न्यू यॉर्कची सभागृहं, रेकॉर्ड कंपन्या आणि पगारी वाद्यवृंद मिळाले. मुंबईत मेहली मेहतांनी १९३५मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता, पण तो बीथोव्हेन-ब्राम्स वाजवायला. आणि मेहली स्वतः पुढे परदेशी गेले.

शंभर माणसांचा वाद्यवृंद टिकवायचा म्हणजे तालमीला जागा हवी, तालमीच्या दिवसाची मजुरी हवी, कारण त्या दिवशी वादक स्टुडिओतली शिफ्ट सोडून आलेला असतो. ख्यालगायकाला हे लागत नाही; त्याचा खर्च दोन साथीदारांचा. श्रोत्यांचंही अवघड. पाश्चात्त्य संगीताला येणारे पारशी आणि युरोपीय श्रोते राग ऐकायला आले नव्हते, आणि लक्ष्मीबागेत किंवा देवधरांच्या संगीतशाळेत बैठकी ऐकणाऱ्या गिरगावकराला कोट घातलेल्या शंभर माणसांनी मिळून वाजवलेला सारंग म्हणजे सिनेमाच वाटणार. दोन्हीकडच्या जाणकारांना हे आपलं वाटलं नाही. अशा संगीताला सरकारनेच पोसायला हवं होतं, असं मला वाटतं; आकाशवाणीने आपला वाद्यवृंद पोसला होताच.

१९६५मध्ये गोन्साल्विस न्यू यॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. चित्रपटसृष्टी त्यांनी तेव्हाच सोडली. तेव्हा ते अडतिसाव्या वर्षी होते. अरेंजरसाठी हे ऐन कमाईचं वय. परत आले ते स्टुडिओत गेलेच नाहीत, मजोर्ड्याला जाऊन राहिले. दरम्यान शिष्याची जोडी १९६३च्या ‘पारसमणी’पासून निघून थेट शिखरावर पोचली होती. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांतला तो दाट, थरांवर थर चढवलेला व्हायोलिनांचा ताफा ऐका. मास्तरांना मुंबईच्या चौकात जे एकदा जमवता आलं, ते शिष्य रोज सकाळी जमवत होता. फक्त तीन-चार मिनिटांपुरतं आणि कुणाच्या तरी नाचासाठी.

गोन्साल्विस १८ जानेवारी २०१२ रोजी गेले, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. त्याआधी चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, त्यामुळे म्हाताऱ्या मास्तरांचा चेहरा तरी पुढच्या पिढीसाठी राहिला. ग्रेगरी बूथ आणि नरेश फर्नांडिस या दोन अभ्यासकांनी मुंबईच्या वादकांचा इतिहास लिहिला आणि श्रेयनामावलीबाहेर राहिलेली नावं त्यात आली. प्यारेलाल यांना २०२४मध्ये पद्मभूषण मिळालं.

मुंबईत आज पगारी वाद्यवृंद आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. त्याच्या स्थापनेत मरात बिसेंगालियेव्ह या कझाक व्हायोलिनवादकाचा हात होता, आणि बरेच वादकही कझाकस्तानातून येतात. याच वाद्यवृंदासाठी झाकीर हुसेन यांनी ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्चेर्टो लिहिला, तो २०१५मध्ये वाजला आणि नंतर परदेशातही गेला. म्हणजे श्रोते आहेत, सभागृह आहे, मजुरीची सोय आहे. २०२७मध्ये गोन्साल्विस यांची जन्मशताब्दी येते. जून महिना म्हणजे पावसाचा, विरारहून निघणाऱ्याने परतीच्या लोकलचा हिशेब ठेवलेला बरा; पण त्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत सारंगमधला कॉन्चेर्टो घालता येईल का, हे एनसीपीएला आत्ताच विचारायला हवं. कारण असे कार्यक्रम दीड-दोन वर्षं आधी ठरतात.